फावड्याआधी रडार

तेरणा नदीच्या काठी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी जमीन हादरली होती. कोणत्याही ताम्रपटात किंवा बखरीत त्याची नोंद नाही. ती गोष्ट कळली मातीच्या थरांवरून. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूवैज्ञानिकांनी किल्लारीबरोबरच धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथल्या थरांचाही अभ्यास केला. किल्लारीपासून वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर तेर आहे. तिथल्या थरांच्या मोडतोडीवरून त्यांनी एका जुन्या भूकंपाचा निष्कर्ष काढला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे १९९३ साली जे घडलं ते मराठवाड्याच्या जमिनीला नवं नव्हतं. आपल्याला नवं होतं.

हे लिहितो आहे ते त्या मातीसाठी. माती अजून आहे. तिच्या पोटात आणखी काय दडलंय हे न खोदता पाहता येईल असं यंत्र आज आपल्याकडे आहे. पुण्या-मुंबईत रस्ता उकरण्याआधी खालच्या केबली आणि पाण्याच्या लाइनी शोधायला ते रोज वापरलं जातं. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं हे रडार तेरच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, आणि जुन्या किल्लारीच्या गावठाणावरून एकदा नीट, इंच न् इंच फिरलं पाहिजे. आणि ते फिरेपर्यंत या दोन जागांना फावडं लागता कामा नये, जेसीबी तर नाहीच. मागणी एवढीच आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यात पन्नाशी गाठलेल्या कोणालाही नव्याने सांगावी लागत नाही. गणपती बोळवून लोक घरी येऊन नुकते झोपले होते. चाराला चार मिनिटं कमी असताना ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं जागा सोडून दुसरीकडे बसवावी लागली. आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी, किल्लारीच्या लोकांनी लहान लहान धक्के आणि जमिनीखालचे आवाज अनुभवले होते, पण या भागात मोठा भूकंप होईल असं त्या वेळच्या नकाशांना वाटत नव्हतं. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होतं. पुढे २००२च्या सुधारणेत तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. नकाशा दुरुस्त व्हायला इतकी माणसं मरावी लागली, हे मला अजूनही पचत नाही.

नकाशा काढणाऱ्यांनी हयगय केली असं नाही. त्यांच्याजवळ कागदच नव्हते. किल्लारीला भूकंपानंतर जे खोल बोअर घेतलं, त्यात काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे. त्या जुन्या खडकात पूर्वीच्या भेगा आहेत, आणि वरून काळा पाषाण पसरल्यामुळे त्या सहसा दिसत नाहीत. अशी एखादी भेग हजारो वर्षं निपचित पडून राहते आणि मग एकदाच सरकते. हिमालयाच्या पायथ्याशी दोनतीनशे वर्षांच्या नोंदी चाळल्या तरी थोडाफार अंदाज येतो. आपल्याकडे दोन धक्क्यांमधला काळच लिहिलेल्या इतिहासाहून मोठा असू शकतो. निजामाची दप्तरं धुंडाळा, बहमनी काळात जा, यादवांचे शिलालेख वाचा. उत्तर तिथे मिळणार नाही. ते मिळेल मोडलेल्या भिंतीत आणि फाटलेल्या फरशीत. म्हणून पुरातत्त्व हा इथे केवळ अभिमानाचा विषय राहत नाही. उद्याचा दवाखाना, शाळा किंवा धरणाची भिंत किती धक्का सोसेल अशी बांधायची, या हिशेबातला एक आकडा तेरच्या पांढरीतून येऊ शकतो.

साध्या रानातल्या मातीपेक्षा जुन्या गावाचे अवशेष या कामाला जास्त उपयोगी, त्याचं कारण सोपं आहे. रानातला थर मुळात सपाट होता की कलता, हे कोणी सांगावं? पण भिंत बांधणाऱ्याने ओळंबा लावूनच बांधलेली असते. जमीन चोपून सपाट केलेली असते, नाली उताराने काढलेली असते. तीच भिंत आज मधोमध तुटून सरकलेली असेल, तर ती का सरकली हे विचारता येतं. वर-खाली पडलेली खापरं आणि नाणी मग त्या घटनेचा काळही जवळपास सांगतात. इस्रायलच्या उत्तर भागात जॉर्डन नदीकाठी आतेरेत नावाच्या जागी क्रूसेडरांनी बांधायला घेतलेला एक किल्ला आहे. ११७९ साली सलाउद्दिनाने तो जिंकला तेव्हा काम अर्धवटच होतं. त्याचा तट नेमका भ्रंशरेषेवरून, म्हणजे जमीन जिथे सरकते त्या भेगेवरून, जातो, आणि आज त्या तटाचे दोन तुकडे एकमेकांपासून २.१ मीटर सरकलेले आहेत. अभ्यासकांनी हिशेब मांडला: १२०२च्या भूकंपात सुमारे १.६ मीटर आणि १७५९च्या वेळी बाकीचं. आठशे वर्षांचा जमिनीचा हिशेब एका पडक्या तटाने जपून ठेवला. तो तट कोणी दगडांसाठी फोडून नेला असता तर?

तेरकडे असं जपलेलं पुष्कळ असणार, कारण तेर लहान जागा नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या नगराचा उल्लेख आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे. ते तगर म्हणजे आपलं तेर. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळाली. बाळकृष्ण चापेकरांनी १९५८ साली आणि पुढे शां. भा. देवांनी इथे उत्खननं केली. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून संग्रहालय उभं राहिलं, आणि ते आजही गावातच आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार असलेलं, मुळात बौद्ध चैत्य असावं असं अनेक अभ्यासक मानतात. शिवाय हे गोरोबाकाकांचं गाव. वारकऱ्यांची पावलं इथे अखंड वळतात.

आणि हे सगळं एकावर एक रचलेलं आहे. आजचं तेर जुन्या तेराच्या डोक्यावर वसलं आहे. पांढरीच्या कडेला कुठे पावसाने कड ढासळली असेल तिथे जवळ जाऊन उभं राहा. वर हातभर आजचा कचरा आणि माती. खाली राखेची करडी पट्टी. त्याखाली खापरांचा खच, मध्येच भाजक्या विटांची एक ओळ, मग चोपलेल्या जमिनीचा बोटभर जाड कडक थर, पुन्हा राख. विटांची ती ओळ सरळ जाते आहे का, की मध्येच खाली बसली आहे? बसली असेल तर तिच्या वरचा राखेचा थरही तिच्याबरोबर बसला आहे, की तो वरून सपाट अंथरला गेलाय? सपाट असेल तर विटा आधी मोडल्या आणि लोक नंतर पुन्हा त्याच जागी राहायला आले. अशा एका वितीच्या निरीक्षणात शंभर वर्षांचा क्रम लागतो. फावड्याचे दहा घाव पडले की तो क्रम संपतो, आणि तीच माती ट्रॉलीत भरून कोणाच्या उसात पसरली की जगातली कोणतीही प्रयोगशाळा तो परत लावू शकत नाही.

पांढरीची माती शेतात टाकण्याची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. शेतकऱ्याचा त्यात दोष मानायला मी तयार नाही. जुन्या वस्तीची माती कसदार असते, पीक जोमात येतं, आणि ती माती इतिहासाची आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगायला येतात ते संरक्षित स्मारकाची पाटी घेऊन. पाटी देवळाजवळ लागते, आणि देवळाभोवतीची जी माती खरी साक्षीदार, ती पाटीच्या नजरेबाहेर पडते. विटांचं देऊळ आपण वाचवलं आणि त्याच्या पायाखालचा थर नेऊ दिला, तर निम्मी गोष्टच वाचवली. त्या देवळाने भूकंप पाहिला की ते भूकंपानंतर उभं राहिलं, या प्रश्नाचं उत्तर पायाशी आहे, शिखराशी नाही.

आता रडारविषयी. नाव भारदस्त असलं तरी काम डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. चाकांवर एक पेटी, तिला दांडा, दांड्यावर छोटा पडदा. जमिनीवर दोऱ्या ताणून अर्ध्या अर्ध्या मीटरवर समांतर रेषा आखायच्या आणि एका माणसाने पेटी ढकलत सरळ चालायचं. पेटीतून रेडिओलहरींचे ठोके जमिनीत जातात. खाली माती बदलली, दगड आला, पोकळी आली, ओल आली की लहरीचा काही भाग परत फिरतो. परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. साध्या मातीत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, सुमारे दहा सेंटीमीटर जाते. चाळीस नॅनोसेकंदांनी परत आलेली लहर साधारण दोन मीटर खालून आलेली असते. पेटीतला अँटेना कमी वारंवारतेचा असेल तर खोल दिसतं पण भरड दिसतं, जास्त वारंवारतेचा असेल तर उथळ पण बारीक.

पडद्यावर करड्या रंगाचे पट्टे सरकत राहतात. एकटा मोठा दगड किंवा भिंतीचा माथा आला की तिथे खाली झुकलेल्या मिशीसारखी वाकडी रेघ उमटते. फरशी किंवा चोपलेली जमीन असेल तर ठळक, आडवी, सलग रेघ. आता समजा ही आडवी रेघ एका ठिकाणी तुटली आणि हातभर खाली पुन्हा सुरू झाली. एवढ्यावरून काही ठरत नाही. पण शेजारच्या रेषेवर चाललात आणि तिथेही तशीच तूट, त्याच्या पुढच्या रेषेवरही तीच. सगळ्या तुटी नकाशावर जोडल्या तर एक ओळ तयार होते, आणि ती ओळ एका घरात शिरून दुसऱ्या घरातून बाहेर पडते, वाटेत रस्ताही ओलांडते. झाडाचं मूळ असं करत नाही. दगडचोरही नाही आणि पुराचं पाणीही नाही. अशा जागेवर बोट ठेवून मग म्हणता येतं, इथे एक अरुंद खंदक घ्या, बाकी गाव तसंच राहू द्या. रडारची खरी किंमत हीच. शंभर खड्ड्यांऐवजी एक खड्डा, आणि तोही नेमक्या जागी.

रडार काय करू शकत नाही तेही आत्ताच सांगितलेलं बरं, म्हणजे उद्या कोणी निराश होणार नाही. रडार भूकंपाचा शिक्का मारत नाही. ते फक्त तुटलेलं, कललेलं, सांडलेलं दाखवतं. भिंत पाया खचूनही कलते, लढाईतही पडते, आगीतही. तारीख तर ते सांगूच शकत नाही. त्यासाठी खंदकातला कोळसा, मातीतले वाळूचे कण आणि खापरं लागतात. आणि मराठवाड्याची मोठी अडचण म्हणजे काळी माती. ती चिकण, पाणी धरून ठेवणारी. तिच्यात रडारच्या लहरी मीटरभरातच विरून जातात. पावसाळ्यात किंवा पाणी दिलेल्या शेतात हे यंत्र फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात. पांढरीची राखाडी, भुसभुशीत माती त्या मानाने सोपी. म्हणून काम चैत्र-वैशाखात, माती तडकून कोरडी झाल्यावरच व्हायला हवं, आणि रडारच्या जोडीला जमिनीचा विद्युतरोध मोजणारी पद्धतही हवी. एकाने दाखवलेलं दुसऱ्याने पडताळायचं. चुंबकीय मोजणीला आपल्याकडे अडथळा असा की काळा पाषाण स्वतःच चुंबकीय, त्यामुळे त्यातल्या खुणा वाचायला जाणकार डोळा लागतो.

ही पद्धत नवखी नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाशी बाएलो क्लॉडिया नावाचं रोमन शहर आहे. तिथे उकललेली फरसबंदी, कललेल्या भिंती आणि पडलेले खांब यांचा अभ्यास करताना रडार आणि इतर भूभौतिक पद्धती वापरल्या गेल्या. आपल्याच देशात, कच्छच्या रणातल्या धोलावीऱ्याला आयआयटी गांधीनगरच्या अभ्यासकांनी, ज्यांनी ते शहर उकललं त्या रवींद्रसिंह बिष्ट यांना बरोबर घेऊन, रडारने न खोदलेल्या भागाची पाहणी केली. राजस्थानात कालीबंगनला इसवीसनपूर्व २६००च्या सुमारास झालेल्या भूकंपाच्या खुणा उत्खननात दिसल्या, त्यालाही आता कित्येक दशकं झाली. कच्छात आणि राजस्थानात हे होतं, मग तेरणेकाठी का होऊ नये? तज्ज्ञ आहेत, यंत्रं आहेत, शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे.

ती म्हणजे जुनं किल्लारी. पुरातन अवशेषांत रडारने पडझड दाखवली तर पहिला प्रश्न येतो, ही भूकंपाचीच पडझड कशावरून? ती ओळखायची तर कोणत्या मातीत, कोणत्या बांधणीचं घर, किती जोराच्या धक्क्याने, कोणत्या दिशेला पडलं की जमिनीखाली काय आकार दिसतो, हे एकदा तरी पक्कं माहीत असायला हवं. जुन्या किल्लारीच्या गावठाणात ते सगळं माहीत आहे. दिवस, मिनिट, तीव्रता. घरांची बांधणी माहीत आहे: दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, ज्यांच्या दोन पडद्यांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगडच नव्हते, आणि वर मातीचे थर चढवून चढवून जड झालेलं माळवद. धक्क्याने भिंतीचे दोन्ही पडदे सुटे होऊन कोसळले, आणि कित्येक घरांत लाकडी खण मात्र तसेच उभे राहिले. तेरलाही हाच काळा पाषाण, हीच माती, आणि नदीही हीच तेरणा. किल्लारीच्या ढिगावर रडारने काय दाखवलं ते आधी नीट वाचून ठेवलं, तर तेरच्या पांढरीतली खूण ओळखताना अंधारात चाचपडावं लागणार नाही.

आणि त्याहून मोठं म्हणजे किल्लारीत माणसं आहेत. आमच्या घराची उगवतीची भिंत आधी आत आली, माळवद पडलं पण देवघराचा खण राहिला, गोठ्याकडची भिंत वाटेवर सांडली, हे सांगू शकणारे लोक अजून गावात आहेत. त्या रात्री जे वीस वर्षांचे होते ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत. जे चाळीशीत होते त्यांच्यापैकी बरेच आता नाहीत. जुन्या गावठाणाचा नकाशा पुढे पसरून एकेका घराची पडझड त्यांच्या तोंडून लिहून घेणं, आणि मग त्याच घरावरून रडार फिरवणं, हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही. ज्यांनी घरातली माणसं त्या ढिगाखालून काढली, त्यांना पुन्हा तिथे नेऊन उभं करणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. ज्याला बोलायचं नाही त्याला विचारूही नये. पण बोलायला तयार असलेले खूप जण आहेत, आणि त्यांना आजवर विचारलं गेलं ते दर ३० सप्टेंबरला, बातमीपुरतं.

भूकंपाच्या वेळी किल्लारीच्या पश्चिमेला रानात जमीन फाटून उचललेल्या जागा दिसल्या होत्या. शेताला ते उंचवटे नकोच असतात. नांगर, वखर आणि बांधबंदिस्ती यांनी असे उंचवटे काही वर्षांत सपाट होतात. वरून खूण पुसली तरी खालचा तुटलेला थर तसाच असतो. तोही रडार आणि विद्युतरोधाने पाहून ठेवता येईल, जोवर तिथे कोणी तळं खणत नाही किंवा प्लॉट पाडत नाही.

काही जण विचारतील, पोटापाण्याचे प्रश्न पडलेले असताना हे कशाला? याच मराठवाड्यात २१ मार्च २०२४ला हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैमध्ये पुन्हा तसाच. लोक घराबाहेर धावले आणि दोन दिवसांनी विसरले. आपण घरकुलं बांधतो आहोत, शाळांना मजले चढवतो आहोत, सरकारी दवाखान्यांच्या नव्या इमारती उभ्या करतो आहोत. या बांधकामांचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं. त्या काळात मोठा धक्का येण्याची शक्यता किती, हे ठरवायला मागचे धक्के किती अंतराने आले ते कळायला हवं, आणि आज आपल्या हातात तेरचा तो एक धक्का सोडला तर जवळपास काही नाही. एका बिंदूवरून रेघ मारता येत नाही. दुसरा बिंदू पांढरीत असेल तर तो आपण शेतात पसरून टाकता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तेरकर म्हणतील, गाव जुन्या गावावर आहे म्हणून आम्ही घरच बांधायचं नाही का? नाली काढायची नाही का? नक्की बांधायचं, नक्की काढायची. जिवंत गावावर मेलेल्या गावाचं ओझं लादण्याच्या मी विरुद्ध आहे. इथे फक्त दोन दिवसांचा प्रश्न आहे. नाली खणण्याआधी त्या पट्ट्यावरून रडार फिरवून घ्या, खणताना कोणी जाणकार उभा राहू द्या, उघड्या पडलेल्या छेदाचा फोटो काढून मग पाइप टाका. काम थांबत नाही आणि पुरावाही जात नाही.

म्हणून तेरकर मंडळींना सांगणं असं: पांढरीची माती उचलणं गावानेच बंद करावं. बाहेरच्या कोणी येऊन दटावण्याआधी. शेताला कस हवा असेल तर तळ्याचा गाळ घ्या. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना त्यासाठीच आहे, आणि तेरणेच्या परिसरात गाळाला तोटा नाही. शोषखड्डा, पाया किंवा बोअर खणताना विटांची ओळ लागली तर ती उपटून काढण्याआधी शेजारी एक पट्टी किंवा काठी ठेवून फोनवर फोटो घ्या आणि संग्रहालयात कळवा. विटेपेक्षा विटेची जागा महत्त्वाची, हे घरातल्या पोरांनाही शिकवा. रामलिंगप्पांनी जमवलेल्या वस्तूंमुळे तेरचं नाव राहिलं. आता वस्तू जमवण्याइतकंच थर जागच्या जागी राखणं गरजेचं आहे, आणि ते एका माणसाच्या हातचं नाही, सगळ्या गावाचं आहे.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या भूकंपात पडलेल्या गावांच्या लोकांना विनंती: जुनं गावठाण झाडझुडपांनी भरलंय, कोणाला ते निरुपयोगी वाटतं, कोणाला ते पाहवत नाही. ते सपाट करायला देऊ नका. निदान काही गल्ल्या, काही घरं, आहेत तशी ढिगासकट राखून ठेवा. तुमच्या दुःखाची ती जागा उद्याच्या गावांना वाचवायला कामी येणार आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि शहरातल्या सर्वेक्षण कंपन्यांना: तुमच्याकडची रडारं एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवस तेरला आणि किल्लारीला द्या. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय शोधावे लागतात. हा विषय तयार आहे आणि त्याचं उत्तर आजवर कोणी काढलेलं नाही. डेक्कन कॉलेजसारख्या संस्था आणि मराठवाड्यातली विद्यापीठं यांनी पुरातत्त्व, भूगर्भशास्त्र आणि स्थापत्य या तिन्ही विभागांना एका तंबूत बसवावं. पुरातत्त्ववाल्याला भ्रंश ओळखता येत नाही, भूगर्भवाल्याला सातवाहन खापर ओळखता येत नाही, आणि एकेकट्याने केलेल्या कामात नेमकी महत्त्वाची खूण दोघांच्या मधून निसटते. संरक्षित जागेवर परवानगी लागणारच. पुरातत्त्व विभागाने ती उन्हाळ्याच्या आधी द्यावी, पाऊस पडल्यावर नव्हे. जिल्हा नियोजन समित्यांनी यासाठी वेगळा निधी ठेवावा. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाला जेवढा खर्च होतो, त्याहून हा फार मोठा निघणार नाही.

आणि हे सगळं सुरू व्हायला मुंबईची वाट पाहायची गरज नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. त्या सभेत ठराव मांडता येतो, त्याचा मजकूर असा चालेल: "गावच्या पांढरीतून शेतीसाठी, वीटभट्टीसाठी किंवा भरावासाठी माती उचलली जाणार नाही. पांढरीवर कोणतंही सार्वजनिक खोदकाम करण्याआधी त्या जागेची रडारने पाहणी केली जाईल. खोदताना निघालेल्या बांधकामाचा फोटो आणि जागा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिली जाईल. येत्या एप्रिल-मेमध्ये संपूर्ण पांढरीची पाहणी व्हावी अशी मागणी जिल्हाधिकारी, पुरातत्त्व विभाग आणि विद्यापीठाकडे करण्यात येत आहे." तेरने तो करावा, किल्लारीने आपल्या जुन्या गावठाणासाठी करावा, आणि तेरणा-मांजरेच्या काठी ज्या ज्या गावाला जुनी पांढर आहे त्या गावाने हा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. जानेवारीत ठराव झाला तर परवानग्यांना दोन महिने मिळतात, आणि माती कोरडी होईस्तोवर पेटी गावात पोहोचते.